मुखपृष्ठ नक्की कुठलं?

चार-पाच जणांच्या दिवाळी अंकाच्या चमूत घोळ होतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर. ‘मुखपृष्ठ फायनल’ हा निरोप गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो आणि छापखान्यात जुनीच फाइल पोचते. अशांना ट्रेलो पुरतं. २०११ साली आलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक लेखाचं एक कार्ड. ते ‘आला’, ‘मुद्रितशोधन’, ‘मांडणी’, ‘छपाईला’ अशा रकान्यांतून पुढे सरकवायचं. मूळ कल्पना जपानच्या टोयोटा कारखान्यातल्या कानबान पद्धतीची. जिरा हे असंच दुसरं सॉफ्टवेअर, पण ते मुळात प्रोग्रामरांसाठी. चित्रकार तिथे हमखास कंटाळतो. घेण्याआधी पाहा, मोबाइलवरून कार्ड सहज हलतं का, आणि उद्या सोडायचं ठरलं तर आपली माहिती बाहेर काढता येते का. पैसे नंतर भरा. आधी एक अंक फुकटच्या योजनेवर काढून बघा.