परळ-भोईवाडा येथील प्राचीन अवशेष, वास्तु व बागा

मुंबईच्या इतिहासाचे लेखक बहुधा कोटापासून आरंभ करतात आणि कोटांतच थांबतात. परळकडे ते वळलेच तर गिरण्यांच्या धुराड्यांपलीकडे त्यांची दृष्टि सहसा जात नाहीं. त्यामुळें परळ म्हणजे एकोणिसाव्या शतकांत कापसावर पोसलेली वस्ति, असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः ज्या भागास भोईवाडा म्हणतात त्याच्या सभोंवार कोसभराच्या आंत सहाव्या शतकाच्या सुमाराची एक अखंड शिवशिळा, बाराव्या शतकांतील एका शिलालेखाचें उपलब्धिस्थान, सतराव्या शतकांतील एक किल्ला, आणि पाद्र्यांच्या देवालयांतून निघालेला गव्हर्नरांचा वाडा, इतकीं साधनें आहेत. प्रस्तुत लेखांत त्यांचा संक्षिप्त परिचय करून देऊन, त्यांपैकीं जें टिकलें तें कशामुळें टिकलें याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. स्थलनामें

परळ या नांवाच्या दोन व्युत्पत्ति सांगण्यांत येतात. पहिली वृक्षावरून. संस्कृत पाटला, प्राकृत पाडला, मराठी पाडळ. या फुलझाडावरून परळ झालें, असें एक मत आहे. हा क्रम दिसावयास सरळ आहे. परंतु महाराष्ट्रांत पाडळी नांवाचीं जीं गांवें आहेत त्यांत ‘ड’ कायम राहिला आहे. परळ या शब्दांत त्याचा ‘र’ कां व्हावा आणि आद्य ‘पा’ ऱ्हस्व कां व्हावा, या दोन्ही शंकांचें समाधान व्हावें लागतें. दुसरें मत असें कीं, येथें आलेल्या पांचकळशी लोकांनीं परळी वैजनाथाचें देवस्थान स्थापिलें आणि त्यावरून गांवास नांव पडलें. वस्ति हलली म्हणजे देव आणि देवाबरोबर नांवही हलतें, हा अनुभव कोंकणपट्टींत नवा नाहीं. ध्वनिदृष्ट्या हें दुसरें मत आम्हांस अधिक सुलभ वाटतें.

भोईवाडा हें नांव त्या मानानें स्पष्ट आहे. पालख्या व मेणे वाहणाऱ्या भोई लोकांचा वाडा तो भोईवाडा. मुंबईंत भुलेश्वराजवळही एक भोईवाडा आहे. म्हणून प्रस्तुत ठिकाणास परळ-भोईवाडा म्हणण्याचा प्रघात पडला. बग्ग्यांपूर्वींच्या काळांत थोर अधिकाऱ्यांचें वाहन पालखी हेंच होतें. तेव्हां ज्या गांवीं गव्हर्नर राहत, त्या गांवीं भोयांची स्वतंत्र वस्ति असावी हें अनुमान सयुक्तिक दिसतें. वाड्यांत राहणाऱ्यांचीं नांवें दप्तरांत राहिलीं. त्यांना खांद्यावर वाहणाऱ्यांचें नांव मात्र भूमीवरच राहिलें.

२. परळचा शिलालेख

मराठी भाषेच्या अभ्यासकांना परळचा शिलालेख परिचित आहे. हा उत्तर कोंकणचा शिलाहार राजा दुसरा अपरादित्य याच्या काळचा, इ. स. ११८७ चा आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतांत असून, दान मोडणाऱ्यास दिलेला शाप मराठींत आहे. दर्भावती येथील वैद्यनाथ देवाच्या पूजेसाठीं षट्षष्टि म्हणजे साष्टी बेटांतील महवली गांवच्या एका वाडीचें ठराविक उत्पन्न दिल्याचें त्यांत नमूद आहे.

यांत दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली, भाषेची. राजाची स्तुति आणि दानाचा तपशील हा विद्वानांसाठीं, म्हणून तो देवभाषेंत. शाप मात्र ज्याला लागावयाचा त्याला समजला पाहिजे, म्हणून तो लोकभाषेंत आणि गद्धेगाळ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या अत्यंत उघड्या शब्दांत. आठशें वर्षांपूर्वीं येथला सामान्य माणूस कोणती भाषा बोलत होता, याचा याहून प्रत्यक्ष पुरावा मिळणें कठीण. दुसरी गोष्ट, स्थळाची. लेखांतील वैद्यनाथाचें नांव पाहून परळीच्या वैजनाथाचा पक्ष सिद्ध झाला असें कोणी म्हणेल. पण तो उतावीळपणा होईल. लेखांतील देव दर्भावतीचा आहे आणि दान दिलेली वाडी साष्टींतील. दगड परळास सांपडला एवढ्यावरून तो मूळचा परळचा ठरत नाहीं. शिळा चालत नाहीं, पण ती चालविली जाते. पुढच्या इतिहासाची ही जणूं नांदीच आहे.

३. शिवशिळा

इ. स. १९३१ सालीं परळ व शिवडी यांना जोडणाऱ्या रस्त्याचें खोदकाम चाललें असतां एक प्रचंड कोरीव शिळा उघडकीस आली. एकाच अखंड पांढुरक्या दगडाची, माणसाच्या सुमारें दुप्पट उंचीची ही शिळा पाचव्या-सहाव्या शतकांतील मानण्यांत येते. तिच्या मध्यभागीं एकावर एक अशा शिवाच्या तीन उभ्या मूर्ति आहेत. खालच्या मूर्तींतून मधली आणि मधलींतून वरची उद्भवत असल्यासारखी रचना आहे. मधल्या दंडाच्या दोहों बाजूंस दोन-दोन मूर्ति बाहेर झुकलेल्या आहेत. मिळून सात रूपें होतात. सर्वांत वरची मूर्ति अनेकभुज असून तिचे हात पसरलेले आहेत. खालीं पायांशीं गण वाद्यें वाजवीत आहेत.

या रचनेचा अर्थ काय, याविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. संस्कृत वाङ्मयांत शिवाच्या आठ मूर्ति प्रसिद्ध आहेत. येथें सात आहेत. पायांशीं वादक असल्यामुळें कांहींनीं हीं रूपें संगीताच्या सात स्वरांशीं जोडलीं आहेत. आमच्या मतें, कोणत्याही संख्येचा आग्रह धरण्यापूर्वीं शिल्पकारानें जी गति दाखविली आहे ती पाहावी. एका मूर्तीजवळ दुसरी उभी केलेली नाहीं. एकींतून दुसरी निघत आहे. एकाचे अनेक होणें हाच या शिळेचा विषय दिसतो. शिवडीच्या किनाऱ्यासमोर खाडीपलीकडे घारापुरीचें बेट आहे. तेथील लेण्यांचा काल बहुमतानें सहाव्या शतकाचा मध्य असा धरतात. मुखें अनेक पण देह एक, ही कल्पना तेथील महेशमूर्तींत आहे. तीच कल्पना परळच्या शिळेंत उभी, ऊर्ध्वगामी झाली आहे. जोगेश्वरी व घारापुरी यांच्याबरोबर परळचें नांव घेतल्यावांचून या प्रदेशांतील शैव शिल्पाचा इतिहास पुरा होत नाहीं.

ही शिळा वस्तुसंग्रहालयांत गेली नाहीं. ती परळ गांवांतील बारादेवीच्या देवळाच्या आश्रयास राहिली आणि आजही पूजेंत आहे. त्या काळीं प्रिन्स ऑफ वेल्स म्हणविणाऱ्या आणि आतां छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव धारण करणाऱ्या वस्तुसंग्रहालयांत तिची हुबेहूब प्रतिकृति आहे. आम्ही शाळेंत शिकवीत असतां विद्यार्थ्यांना प्रथम ती प्रतिकृति दाखविली आणि मग मूळ शिळा. एका मुलानें विचारलें, “गुरुजी, तिथें सगळें नीट दिसतें आणि इथें फुलांआड निम्मी झांकली आहे. मग अभ्यास कुठें करायचा?” प्रश्न रास्त होता. अभ्यास तेथें होतो हें आम्हांस कबूल करावें लागलें. परंतु जिचा अभ्यास करावयाचा ती वस्तु येथील माणसांनीं आपली मानली आणि आपल्यांत ठेवून घेतली, हेंही त्या मुलास सांगणें आम्हांस अवश्य वाटलें.

४. गव्हर्नरांचा वाडा

भोईवाड्याजवळच आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन संस्थेचें आवार आहे. त्यांतील मुख्य इमारत ही परळमधील सर्वांत जुनी, अद्याप वापरांत असलेली वास्तु होय. सतराव्या शतकांत येथें जेसुइट पंथाच्या पाद्र्यांचें देवालय व त्याची जमीन होती, इ. स. १६७३ च्या सुमारास मुंबईस आलेल्या डॉ. फ्रायर या इंग्रज प्रवाशानें परळच्या या देवालयाचा उल्लेख केला आहे. पुढें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ही मिळकत कंपनी सरकारच्या हातीं आली. १७७१ सालीं गव्हर्नर झालेला विल्यम हॉर्नबी हा येथें कायम राहावयास आलेला पहिला गव्हर्नर. १८१९ ते १८२७ पर्यंत गव्हर्नर असलेल्या माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या वेळीं वाड्याचा विस्तार झाला. १८२५ सालीं बिशप हीबर येथें उतरला होता. ज्या दालनांत मेजवान्या होतात तें पूर्वींचें प्रार्थनामंदिर आहे, ही गोष्ट त्याच्या नजरेंतून सुटली नाहीं.

सर जेम्स फर्ग्युसन (१८८० ते १८८५) यांच्या कारकीर्दींत त्यांच्या पत्नी पटकीनें वारल्या. परळची हवाही पूर्वींसारखी राहिली नव्हती. गव्हर्नरांनीं मलबार पॉइंटकडे मुक्काम हलविला आणि वाडा ओस पडला. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ उद्भवली. डॉ. वाल्देमार हाफकिन यांनीं भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या शरीरांत टोंचून घेतली. १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या रिकाम्या वाड्यांत आली. १९०६ सालीं तिला मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा हें नांव मिळालें आणि १९२५ सालीं हाफकिन संस्था हें नांव पडलें. प्रार्थना, मेजवानी आणि लस, अशा तीन कार्यांना एकाच वास्तूनें आश्रय दिला. ती राहिली, कारण प्रत्येक खेपेस तिला कोणीतरी नवें काम दिलें.

५. बाग आणि किल्ला

भोईवाड्याच्या पूर्वेस शिवडी. तेथील किल्ला इंग्रजांनीं १६८० सालीं बांधला. १६८९ च्या आरंभीं जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान याचें सैन्य याच बाजूस उतरलें आणि पुढें मुंबई बेटाचा बराच भाग त्यानें व्यापला. म्हणजे किल्ला बांधल्यावर दहा वर्षांच्या आंतच त्याची कसोटी लागली आणि तींत तो उतरला नाहीं.

याच शिवडींत एकोणिसाव्या शतकांत पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि व उद्यान मंडळीची बाग होती. या मंडळीचें काम पुढें भायखळ्याच्या बागेकडे गेलें. हीच १८६२ सालीं उघडलेली राणीची बाग, आतांचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. शिवडीच्या जागेवर म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या वेळीं, १८६५ नंतर, ख्रिस्ती स्मशानभूमि झाली. जुन्या बागेची ओळख पटविणारें तेथें आतां फारसें राहिलेलें नाहीं. लालबाग या नांवांत तरी ‘बाग’ हा शब्द उरला आहे. शिवडीच्या बागेच्या वांट्यास तेवढेंही आलें नाहीं.

६. विचार

वरील हकीकतीवरून एक गोष्ट ध्यानांत येते. या भागांत मूळ जागीं, मूळ कामीं असें जवळजवळ कांहींच राहिलेलें नाहीं. शिलालेख स्थानभ्रष्ट झाला, शिळा रस्त्याखालून निघून देवळाशीं गेली, देवालयाचा वाडा आणि वाड्याची प्रयोगशाळा झाली, बागेचें स्मशान झालें. ज्यांना नवा धनी मिळाला तीं वांचलीं. ज्यांना मिळाला नाहीं त्यांचीं नांवेंच काय तीं शिल्लक आहेत.

आज संरक्षणास कायदा आहे. परळची शिळा केंद्र सरकारनें संरक्षित केलेली आहे. १९५८ च्या कायद्यास २०१० सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें अशा स्मारकापासून शंभर मीटरांत नवें बांधकाम करतां येत नाहीं, त्यापुढील दोनशें मीटरांत परवानगी लागते, आणि जुन्या घराच्या दुरुस्तीसही परवानगी घ्यावी लागते. हेतु स्तुत्य आहे. परंतु परळ गांवांतील जुन्या चाळींत राहणाऱ्या माणसाच्या बाजूनेंही याचा विचार झाला पाहिजे. ज्यांच्या वाडवडिलांनीं शिळा जपली त्यांच्याच छपराच्या आड ती येऊं लागली, तर आज ना उद्यां ती त्यांना नकोशी होईल. अपरादित्याच्या लेखकास हें कळत होतें. शाप लोकांच्या भाषेंत घालावा लागतो, कारण दान शेवटीं लोकांनींच राखावयाचें असतें. संरक्षणाचा नियम राबविणाऱ्यांनीं दुरुस्तीची वाट त्वरित व सोपी ठेवावी, आणि नियमाचा अर्थ मराठींत घरोघर समजावून सांगावा, एवढीच आमची सूचना आहे.

दुसरी सूचना खोदकामाविषयीं. १९३१ सालीं शिळा रस्त्याच्या खोदकामांत निघाली. आज उंच इमारतींचे पाये त्याहून किती तरी खोल जातात. भूमींत सांपडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या पुरातन वस्तूची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी, असा १८७८ सालापासूनचा कायदा आहे. तो कंत्राटदारांस व मजुरांस ठाऊक असला पाहिजे.

तिसरी सूचना वाचकांस. परळ, भोईवाडा, शिवडी व लालबाग येथील वाड्या, विहिरी, तळीं आणि लहान देवळें यांचीं जुनीं नांवें वृद्ध रहिवाशांच्या तोंडीं अजून आहेत. तीं घरमालकांच्या पावत्यांत, लग्नपत्रिकांत आणि देवळांच्या हिशेबांतही सांपडतील. ज्यांच्याजवळ असे कागद असतील त्यांनीं त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. त्यांवरून या भागाचा एक स्थलनामांचा नकाशा करण्याचा आमचा मानस आहे.