‘कँडी’ आपल्या खंडीचीच

आज एका इंग्रजी शब्दाचं माहेर शोधू या. शब्द आहे ‘कँडी’. तुम्ही म्हणाल, ती तर दुकानातली गोळी! पण इंग्रजीत आणखी एक कँडी आहे, वजनाची. ती आज इंग्रजांनाही फारशी ठाऊक नसते. आपल्या घरातल्या आजी मात्र लगेच सांगतील : वीस मणांची एक खंडी. तीच ही कँडी.

आपल्या किनाऱ्यावर माल घ्यायला आधी पोर्तुगीज आले, मग इंग्रज. बाजारात माल खंडीनं मोजला जाई. त्यांनी तोच शब्द उचलला आणि आपल्या उच्चारात बसवला. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश निघाला. त्यात हा शब्द मराठी-तेलुगूतल्या ‘खंडी’वरून आल्याचं नोंदलं आहे.

आणखी मागे गेलो की संस्कृतातला ‘खंड’ भेटतो. खंड म्हणजे भाग, तुकडा. साखरेच्या खड्यालाही खंड म्हणत. फारसीत त्याचं कंद झालं, अरबीत कंदी, आणि फ्रेंचमधून ते इंग्रजीत पोचलं. म्हणजे गोड कँडी आणि वजनाची कँडी एकाच घरच्या. एक इराण-अरबस्तान फिरून गेली, दुसरी इथल्या बंदरांतून.

पण खंडी सगळीकडे सारखी नव्हती. मण बदलला की खंडी बदले. मुंबईत एक खंडी ५६० रत्तलांची, तर कापसाची ७८४ रत्तलांची! आपल्या रत्नागिरीत खोत धान्यातच वाटा घेई. मग माप कोणाचं, केवढं, यावर घरात किती भात उरणार ते ठरे. खोती बंद व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली विधेयक मांडलं. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला. पुढे किलो आला आणि माप सगळीकडे एक झालं. कापसाच्या बाजारात मात्र खंडी अजून चालते, ३५६ किलोंची.

म्हणून गटाची काजू बी विकताना भाव ऐकण्याआधी विचारायचं, ‘भाव किती किलोचा?’ वजन आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यायचं. आणि येत्या बैठकीत वयस्क बायांकडून पायली, अधोली, शेर, चिपटं ही मापं वहीत उतरवून घ्या. त्यांच्या तोंडचा शब्द साता समुद्रापार गेलाय, हे त्यांनाही सांगा.