पुडी ‘ड’ची, दुखणं घशातलं

तुळजाभवानीची मंचकी निद्रा सुरू झाल्याची बातमी आपण दरवर्षी वाचतो. देवी वर्षातून तीनदा पलंगावर निजते आणि त्या झोपेची केवढी बडदास्त राखली जाते! घरातला बाप्या मात्र छत हादरवत घोरत असला, तर ‘दमलाय बिचारा’ म्हणून सोडून देतात. मध्येच त्याचा श्वास थांबतो आणि गुदमरून पुन्हा सुरू होतो, हे फक्त शेजारी जागी असलेल्या बायकोला ठाऊक असतं.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया यांनी हे मोजलं. नेहमीच्या तपासणीला आलेल्या, वरवर धडधाकट अशा ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांत झोपेत श्वास अडखळण्याचं प्रमाण १९.५ टक्के निघालं. दिवसा पेंग येण्यासह पुरता आजार ७.५ टक्के पुरुषांत होता. ही गोष्ट २००४ ची. तेव्हापासून आपली पोटं काही आत गेलेली नाहीत.

झोपेत घसा मिटला की श्वास अडतो आणि रक्तातला प्राणवायू उतरतो, जाग आली की चढतो. रात्रभराच्या या चढउतारात शरीर दाह पेटवणारी रसायनं सोडतं, रक्तात सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन वाढतं. याच रुग्णांत ड जीवनसत्त्वही अनेकदा कमी सापडतं आणि प्रयोगशाळेत ड दाहाला लगाम घालताना दिसतं. मग गणित सोपं होतं: ‘ड’ची पुडी द्या, दाह विझवा.

मला हे गणित पटत नाही. ड चरबीत विरघळतं, त्यामुळे जाड माणसाच्या रक्तात ते कमी दिसतं. २०१३ साली बेचाळीस हजारांवर लोकांच्या जनुकीय अभ्यासातून लठ्ठपणा ड घटवतो असं निघालं. ड कमी झाल्याने लठ्ठपणा येतो, याला फारसा आधार मिळाला नाही. श्वास अडखळण्यामागेही बहुतेकदा तोच लठ्ठपणा असतो. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जण होते. त्यांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट ड दिलं, तरी हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. ही माणसं कमतरता पाहून निवडली नव्हती, हे खरं. पण ड म्हणजे रामबाण हा समज त्यातून बराच ढिला झाला.

दिवसभर दुकानात, कचेरीत बसणाऱ्याला काचेतून येणारं ऊन ड देत नाही. कमतरता असेल तर ती जरूर भरून काढावी, हाडांना ड हवंच. पण ६०,००० युनिटच्या पुड्या महिनोन् महिने मनानेच खाल्ल्या, तर कॅल्शियम चढून मूत्रपिंडं बिघडू शकतात.

परंड्यापासून उमरग्यापर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात रक्तदाब मोजताना तीन प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. घोरता का? झोपेत श्वास थांबतो का? गाडीवर डुलकी लागते का? गळ्याचा घेर टेपने मोजा आणि उत्तरं बायकोकडून घ्या. संशय आला तर झोपेची तपासणी, मग वजन उतरवणं आणि गरजेप्रमाणे घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र. ते महाग आहे, म्हणूनच त्याचा खर्च सरकारने उचलावा. पुड्या स्वस्त आहेत, एवढ्यावरून त्या उपचार ठरत नाहीत.