शिंपल्यात काढलेला उन्हाळा

आषाढ-श्रावणात कोकणातल्या होड्या वाळूवर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. समुद्राला उधाण असतं, कातळावर पाय ठरत नाही. नेमक्या त्याच दिवसांत त्या कातळावर कागदाइतकी पातळ, जांभळट-तपकिरी पानं धरतात. वनस्पतिशास्त्रात या शेवाळाची नोंद ‘पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस’ अशी झाली. महाराष्ट्र-गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर ते पावसाळ्यात उगवतं आणि पाऊस ओसरला की दिसेनासं होतं. मग उरलेलं वर्ष ते असतं कुठे?

जपानी कोळ्यांना हाच प्रश्न तीनशे वर्षं पडला होता. सुशीभोवती गुंडाळतात तो काळसर कागद म्हणजे नोरी, आणि ती याच गोतावळ्यातल्या शेवाळाची करतात. १७व्या शतकापासून आजच्या टोकियोच्या उपसागरात शरद ऋतूत चिखलात फांद्या आणि बांबू रोवले जात. त्यांवर नोरी आपोआप धरे, हिवाळाभर खुडली जाई आणि उन्हाळ्यात नाहीशी होई. बी कुठून येतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एखाद्या वर्षी फांद्या लगडत, पुढच्या वर्षी तशाच रिकाम्या राहत. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक कोसळलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या कुटुंबांना त्यावर काहीच इलाज करता येईना.

उत्तर मिळालं ते इंग्लंडमध्ये, नोरीशी काही संबंध नसलेल्या एका बाईंना. कॅथलीन ड्रू यांचा जन्म १९०१चा. मँचेस्टर विद्यापीठात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत. १९२८मध्ये हेन्री राइट-बेकर यांच्याशी लग्न झालं आणि नोकरी गेली; विवाहित स्त्रीला अध्यापकपद द्यायचं नाही, असा तिथला नियम होता. त्या विद्यापीठातच बिनपगारी संशोधक म्हणून काम करत राहिल्या. शेवाळांना भरती-ओहोटी मिळावी म्हणून नवऱ्याने त्यांना पाणी चढतं-उतरतं ठेवणारी टाकी करून दिली.

ड्रू यांचा विषय होता ‘पॉर्फिरा अंबिलिकॅलिस’. वेल्समध्ये हे शेवाळ शिजवून खातात. त्याच किनाऱ्यांवर मेलेल्या शिंपल्यांवर गुलाबी डाग दिसत. ते डाग म्हणजे शिंपल्याच्या चुन्यात शिरून वाढणारे सूक्ष्म धागे. १८९२मध्येच त्यांना ‘कॉन्कोसेलिस’ असं नाव देऊन निराळी वनस्पती म्हणून नोंदवलेलं होतं. ड्रू यांनी पॉर्फिराचे बीजाणू शिंपल्यांवर वाढवले, तर त्यांतून नवी पानं आली नाहीत. आला तो कॉन्कोसेलिस. दोन नावांची, दोन रूपांची वनस्पती मुळात एकच होती. १९४९मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात त्यांचं छोटंसं टिपण प्रसिद्ध झालं.

पुढचं काम जपानमध्ये झालं. क्यूशू विद्यापीठातल्या सोकिची सेगावा यांनी हा धागा उचलला. फुसाओ ओता आणि इतरांनी त्यातून लागवडीची रीत बसवली. पाणी गार होऊ लागलं आणि दिवस लहान झाले, की शिंपल्यातले धागे बीजाणू सोडतात आणि त्यांतून पानं उगवतात, हे तिथल्या संशोधकांनी पाहून घेतलं. आता कालवांची टरफलं उन्हाळाभर टाक्यांत सांभाळतात, शरदात जाळ्यांवर बी धरवतात आणि जाळी समुद्रात लावतात. पिकाचा सगळा भार नशिबावर राहिला नाही. ड्रू १९५७मध्ये वारल्या. जपान त्यांनी कधी पाहिला नाही. १९६३मध्ये कुमामोतो प्रांतातल्या उतो गावी, आरिआके समुद्राकाठच्या सुमियोशी देवळाच्या आवारात त्यांचं स्मारक उभं राहिलं. दरवर्षी १४ एप्रिलला लोक तिथे जमतात.

शेवाळाचा उपयोग कळायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. आपल्याकडे मिठाईत घालतात तो चायना ग्रास म्हणजे शेवाळातून काढलेला अगार. जंतू वाढवायला तो वापरावा, हे १८८१मध्ये सुचलं फॅनी हेस यांना, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून. पण शेवाळ कुठे वाढतं, कशावर, कोणत्या ऋतूत, आणि दिसत नाही तेव्हा कोणत्या रूपात, हे घरात बसून कळत नाही.

ते न जाणता धावलं, की काय होतं हे मन्नारच्या आखातात दिसलं. कॅरॅजिनन नावाच्या घट्ट करणाऱ्या पदार्थासाठी ‘कॅप्पाफायकस’ हे परदेशी शेवाळ मंडपमच्या बाजूला दोऱ्यांना बांधून वाढवलं गेलं. त्यातून मच्छीमार बायकांच्या हाती पैसा आला, हे खरंच. पण २००८मध्ये ते जवळच्या कुरुसडई बेटाच्या प्रवाळांवर पसरल्याची नोंद झाली. त्याच बेटावरच्या शेवाळांचा एम. ओ. पी. अय्यंगार यांनी १९२७मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला होता. दोरीवरून तुटलेला तुकडा प्रवाळावर रुजू शकतो, हा धोका दोर बांधण्याआधीच तोलायला हवा होता. २०२०मध्ये सुरू झालेल्या सरकारी मत्स्य संपदा योजनेत शेवाळशेतीसाठी ६४० कोटी रुपये ठेवले गेले. अशा पैशातला थोडा नुसतं बघत बसणाऱ्यांनाही मिळायला हवा.

कोकणात हे बघणं सोपं नाही. ज्या दिवसांत कोळी होडी काढत नाही, त्याच दिवसांत अभ्यासकाला कातळावर उतरावं लागतं, तेही ओहोटीच्या दोन-तीन तासांत. गणपती उरकले, समुद्र निवळला, की मात्र कुणीही जाऊ शकतं. तेव्हा पानं गेलेली असतात आणि कातळाच्या फटींत कालवांची टरफलं पडलेली असतात. त्यांतलं एखादं उचलून भिंगाखाली धरून पाहावं. गुलाबी छटा दिसलीच, तर ती निव्वळ डाग समजून फेकू नये.