ज्योतीच्या पहाऱ्यात गॅस

अमेरिका-कॅनडातल्या जंगलांत, तळ्याकाठी सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या लाकडी केबिनमध्ये अनेकदा प्रोपेन गॅसवर चालणारा हीटर असतो. त्यातल्या साध्या हीटरला विजेची जोडणीही लागत नाही. पण तो पेटवताना एक सूचना कोड्यात टाकते: छोटी पायलट ज्योत पेटल्यावरही नॉब अर्धा मिनिट दाबूनच धरा. घाईने सोडला, तर ज्योत विझते. कारण त्या अर्ध्या मिनिटात ज्योत चक्क वीज तयार करत असते!

वाकून पाहिलं, तर ज्योतीत धातूच्या एका कांडीचं टोक तापून लाल झालेलं दिसतं. हे थर्मोकपल. दोन वेगवेगळ्या धातूंचे सांधे कमी-जास्त तापले की त्यांच्या मंडलात वीज वाहते. १८२१ साली बर्लिनमध्ये थॉमस सीबेक यांना अशा मंडलाजवळची होकायंत्राची सुई हलताना दिसली, तो हाच परिणाम. हीटरमध्ये मिळणारी वीज जेमतेम २५-३० मिलिव्होल्ट, म्हणजे पेन्सिल सेलच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी. तेवढ्यावर एक चिमुकला विद्युतचुंबक चालतो. गॅसची झडप उघडण्याची ताकद त्याच्यात नसते. पण तुमच्या बोटाने उघडलेली झडप तो धरून ठेवू शकतो. ज्योत विझली की टोक थंड होतं, चुंबक सैल पडतो आणि स्प्रिंग झडप मिटते. ना बॅटरी, ना चिप. आग आहे तोवरच गॅस!

धुराडं नसलेल्या अनेक हीटरमध्ये याहून नाजूक युक्ती असते. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. बंद खोलीत तो १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की खास बेतलेली पायलट ज्योत बर्नरपासून उचलली जाते आणि थर्मोकपलचं टोक तिच्या तडाख्यातून सुटतं. बाकीचं काम स्प्रिंग करते. म्हणजे हवेची पारखही ज्योतच करते.

हे कळलं की पेटवण्याची प्रत्येक पायरी उलगडते. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, गळाला तर जमिनीवर साचतो. म्हणून आधी खाली वाकून वास घ्यायचा. त्याला मूळचा वास नसतो. आपल्या घरच्या सिलिंडरसारखंच त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. वास आला तर काडी ओढायची नाही, विजेच्या बटणालाही हात लावायचा नाही. जाता जाता सिलिंडर बंद करता आला तर करायचा आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं. वास नसेल, तर नॉब ‘पायलट’वर आणून दाबायचा, ठिणगी द्यायची, अर्धा मिनिट थांबायचं, मगच ‘ऑन’. ज्योत टिकली नाही, तर नॉब बंद करून निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची, म्हणजे साचलेला गॅस विरतो.

पण या पहाऱ्यालाही मर्यादा आहे. बर्नरमध्ये धूळ-जळमटं अडकली, तर ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो. थर्मोकपलला त्याचा पत्ता लागत नाही. निळी ज्योत पिवळी, काजळी धरणारी झाली, तर हीटर बंद करा. डोकं दुखलं, मळमळलं, तर आधी मोकळ्या हवेत जा. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने जीव गेलेत, तेही याच वायूमुळे.

म्हणून मनालीच्या होमस्टेमध्ये असा हीटर मिळो, नाहीतर कॅनडातल्या केबिनमध्ये: खिडकी बोटभर उघडी ठेवा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का ते विचारा आणि धुराडं नसलेला हीटर चालू ठेवून कधीही झोपू नका.