पंचवीस गुणसूत्रांचा ढेकूण: मोजणी चुकलेली नाही!

पेटची तयारी करणारे ज्युनिअर नेहमी विचारतात, ‘दादा, सिक्वेन्सिंगच्या जमान्यात गुणसूत्रं मोजून काय मिळणार?’ उत्तरासाठी आज एकच उदाहरण घेऊ: चागास रोग पसरवणारे ट्रायटोमा ढेकूण.

हा रोग कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये ब्राझीलमध्ये शोधला. त्याचा परजीवी म्हणजे ट्रिपॅनोसोमा क्रूझी. तो ढेकणाच्या चाव्यातून नाही, तर विष्ठेतून येतो. माणूस खाजवतो आणि विष्ठा जखमेत जाते. दक्षिण अमेरिकेत हे ढेकूण मातीच्या भिंतींच्या भेगांत राहतात. आपली जुनी माळवदाची घरं आठवा, म्हणजे चित्र डोळ्यासमोर येईल. भारतात हा रोग असा पसरत नाही, पण ट्रायटोमा रुब्रोफॅसिएटा हा त्यांचा भाऊबंद आपल्याकडेही उंदरांच्या आसपास सापडतो. त्याच्या गुणसूत्रांवर जी. के. मन्ना यांनी १९५० मध्येच शोधनिबंध लिहिला होता.

आता मुख्य गोष्ट. कांद्याच्या मुळाच्या स्लाइड करून आलेला मी, ढेकणाच्या स्लाइडवर दोन दिवस सेंट्रोमिअर शोधत बसलो. सापडणार कुठून? या कीटकांची गुणसूत्रं होलोसेंट्रिक असतात, म्हणजे स्पिंडलचे धागे एका बिंदूला नाही, तर गुणसूत्राच्या जवळपास पूर्ण लांबीला धरतात. त्यामुळे गुणसूत्र तुटलं तरी तुकडा हरवत नाही, पुढच्या पेशीत जातो. एका एक्सचे एक्स-१ आणि एक्स-२ असे दोन भाग टिकू शकले, ते यामुळेच.

रुब्रोफॅसिएटाच्या नरात २२ ऑटोसोम अधिक एक्स-१, एक्स-२ आणि वाय, म्हणजे २५ गुणसूत्रं. विषम आकडा बघून घाबरू नका, हिशोब करा. शुक्राणू दोन प्रकारचे: ११ + २ = १३ किंवा ११ + १ = १२. अंड्यात कायम १३. म्हणून मादी २६, नर २५.

आणखी एक गंमत: अर्धसूत्री विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात ऑटोसोमच्या जोड्या वेगळ्या होतात, पण लिंगगुणसूत्रांचे फक्त क्रोमॅटिड. एक्स आणि वाय वेगळे होतात दुसऱ्या टप्प्यात. पुस्तकातला क्रम इथे उलटा!

मग उपयोग काय? मुख्य वाहक ट्रायटोमा इन्फेस्टान्स घ्या. त्याच्या सगळ्या नर-माद्यांत गुणसूत्रं २२च. पण उरुग्वेच्या पँझेरा यांच्या गटाने सी-बँडिंग केलं, तेव्हा दोन गट दिसले. अँडीज पर्वतातल्या गटात हेटरोक्रोमॅटिन भरपूर, सपाट प्रदेशातल्या गटात कमी. डीएनएच्या प्रमाणातही सुमारे ३० टक्के फरक (२००४). फवारणीनंतर घरात पुन्हा ढेकूण दिसले, तर ते कुठल्या गटातून आले हे ओळखायला अशी खूण कामी येते. नुसती मोजणी इथे अपुरी पडली असती.

सरावासाठी ट्रायटोमाच हवा असं नाही. कापसाच्या बोंडावरचे लाल ढेकूणही होलोसेंट्रिकच. नराचं वृषण काढा, एक भाग ॲसिटिक ॲसिड आणि तीन भाग मिथेनॉलमध्ये स्थिर करा, लॅक्टो-ॲसिटिक ऑर्सीनने रंगवून दाबा. आणि आकडा विषम आला, तर स्लाइड फेकण्याआधी मादीचीही एक करून बघा.