किक मारून सुरू होणारी जीप

आज जाऊया सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेला.

इथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातून जीप बनवली. खर्च साधारण 60,000 रुपये. आणि ती सुरू होते चक्क किक मारून, दुचाकीसारखी!

डिसेंबर 2021 मध्ये व्हिडिओ पाहून आनंद महिंद्रांनी दाद दिली. पण गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, हेही सांगितलं. जानेवारी 2022 मध्ये त्यांनी बदल्यात नवी बोलेरो दिली आणि जीप कंपनीच्या संग्रहासाठी घेतली.

मी बीटेक. माझं डिझाइन 'काय मागवू?' इथून सुरू होतं, लोहारांचं 'हाताशी काय आहे?' इथून. आमच्या भाषेत हा भन्नाट प्रोटोटाइप. पासिंगचं काय? तो पुढचा टप्पा, आणि तिथं एकट्या कारागिराला साथ लागतेच.